गावठी अंड्यांची घरगुती विक्री : उन्हाळ्यातील अंडी आणि दर यांबाबत मदत हवी आहे

नमस्कार. कुडाळ तालुक्यातील आमच्या घराभोवती माडा-पोफळीची बाग असून तेथे मी गेली तीन वर्षे गावठी कोंबड्या पाळते आहे. सध्या 46 कोंबड्या आणि 6 कोंबडे आहेत. दिवसभर ते बागेत मोकळे चरतात, सकाळ-संध्याकाळ मी त्यांना कणी, कोंडा आणि शिंपल्यांचा चुरा घालते, आणि मुंगूस व रानमांजराच्या भीतीने तिन्हीसांजेला सर्वांना खुराड्यात कोंडते. पंधरा-सोळा अंडी घातली की गावठी कोंबडी खुडूक होते, म्हणजे अंडी घालणे थांबवून उबवायला बसते, त्यामुळे वर्षाची सरासरी काढली तर रोज आठ-नऊच अंडी हाती येतात. एवढ्यासाठी आठवडी बाजारात बसणे परवडत नाही, म्हणून शहरातील दहा घरांना मी दर शनिवारी सहा-सहा अंडी पोहोचवते.

गेल्या एप्रिलमध्ये एका घरी फोडलेल्या दोन अंड्यांत रक्ताच्या बारीक शिरा निघाल्या. घरात लहान मूल असल्याने त्या ताई घाबरल्या आणि त्यांनी अंडी घेणे बंद केले. मी पैसे परत केले, परंतु ती गोष्ट अजून मनाला लागून राहिली आहे, कारण अंडी जेमतेम पाच दिवसांची होती. कळपात कोंबडे असल्यामुळे अंडी फलित असतात आणि उष्णता 27 अंशांच्या पुढे गेली की कोंबडी बसलेली नसली तरी त्यांत गर्भाची वाढ सुरू होऊ शकते, हे मला पुढे पशुवैद्यकांकडून समजले. कोंबडे काढून टाकणे मात्र शक्य नाही. पिल्ले त्यांच्यामुळेच मिळतात, राखणीच्या (गावच्या राखणदार देवाला कोंबडा देण्याच्या) आणि जत्रेच्या दिवसांत अंड्यांपेक्षा कोंबड्यालाच भाव येतो, आणि घार दिसताच कळपाला सावध करणाराही तोच असतो. अशा स्थितीत उन्हाळ्यात खात्रीची अंडी कशी द्यावीत?

दुसरा प्रश्न दराचा आहे. मी एका अंड्याचे 15 रुपये घेते. काही जण फार्मच्या अंड्यांचा दर सांगून घासाघीस करतात, तर काहींना ही अंडी खरोखर गावठी आहेत का, अशी शंका येते. चहाच्या पाण्यात रंगवलेली पांढरी अंडी गावठी म्हणून विकली जात असताना त्यांना तरी दोष कसा द्यावा? श्रावणात आणि मार्गशीर्षात मागणी घटते, तेव्हा दर उतरवावा की वर्षभर एकच ठेवावा?

अन्न सुरक्षा व मानके कायदा 2006 मधील कलम 18(3) शेतकऱ्याच्या शेतावरील उत्पादनाला वगळते. घरपोच विक्रीलाही ते लागू होते का, हे कोणी सांगू शकेल का?

उत्तर

ताई, आम्ही दापोलीजवळ 70 कोंबड्या पाळतो आणि हाच अनुभव घेतला आहे. कोंबडे विकू नका, फक्त वेगळ्या कुंपणात ठेवा. मात्र त्यांना वेगळे केल्यावरही दोन ते तीन आठवडे फलित अंडी येत राहतात, म्हणून हे काम फेब्रुवारीतच करावे लागते. खुडूक कोंबडी घरट्यातील ताज्या अंड्यांवरही बसून राहते, तेव्हा दिवसातून तीनदा अंडी गोळा करून लगेच फ्रिजमध्ये ठेवा आणि उन्हाळ्यापुरते आठवड्यातून दोनदा पोहोचवा. अंडी धुऊ नका, कारण कवचावरील नैसर्गिक थर निघून जातो. प्रत्येक अंड्यावर पेन्सिलीने तारीख लिहा आणि देण्यापूर्वी अंधारात टॉर्चवर धरून आत शिरा दिसत नाहीत ना, ते पाहा.

दर उतरवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. फार्मची कोंबडी वर्षाला 300 च्या आसपास अंडी देते आणि आपली साठ-सत्तर; हा हिशेब गिऱ्हाइकाला शांतपणे सांगितला तर बहुतेकांना पटतो. शंका असणाऱ्यांना एकदा बागेत बोलवा. कलमाबाबत अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयाकडे लेखी विचारणा करून उत्तर जपून ठेवा.

धागाकर्ती

मनापासून आभार, दादा. कुंपण याच आठवड्यात घालते. सहाही कोंबडे एकत्र ठेवले तर झुंजतील का, की दोन-दोनचे कप्पे करावेत?