हिरडीचा ग्राफ्ट ‘फसला’ म्हणण्याआधी काय ठरलं होतं ते विचारा

सुळा
परवा ‘शंखनाद’ यांनी इथे लिहिलं: ‘हिरडीचा ग्राफ्ट म्हणजे टाळू सोलून घ्यायचा, पंधरा दिवस खिमट खायचं आणि शेवटी मूळ थोडं उघडंच. कुणीही करून घेऊ नये.’ खाली आभारांची रांग लागली. हे वाचून गप्प बसवत नाही.

हिरडी सरकून दाताचं मूळ उघडं पडलं की टाळूचा तुकडा काढून तिथे लावतात, तो हा ग्राफ्ट. मूळ किती झाकलं जाईल याचा अंदाज ऑपरेशनच्या आधीच येतो. दोन दातांच्या मधलं हाड आणि हिरडीचं टोक शाबूत असेल, म्हणजे कैरोच्या २०११च्या वर्गीकरणातला आरटी-१, तर पूर्ण झाकण्याची आशा धरता येते. मधलं हाड झिजलं असेल तर आरटी-२, तिथे आशा कमी. आरटी-३ मध्ये, म्हणजे दातांच्या मधला आधार समोरच्या बाजूपेक्षाही जास्त गेलेला असेल तिथे, पूर्ण झाकण्याचं बोलूच नये. उघड्या मुळाच्या पृष्ठभागातून रक्त मिळत नाही. त्यावर ठेवलेला तुकडा जगतो तो आजूबाजूच्या आणि वरून ओढलेल्या फ्लॅपच्या, म्हणजे सोडवलेल्या हिरडीच्या पदराच्या, रक्तावर. बाजूचंच गेलेलं असेल तर तो पोसला कुठून जाणार?

दुसरं, ऑपरेशन कोणतं होतं? खालच्या पुढच्या दातांपाशी ओठाची दोरी हिरडी ओढते, तिथे फ्री जिंजायव्हल ग्राफ्ट करतात तो हिरडी जाड आणि घट्ट करायला. मूळ झाकणं हा त्याचा मुख्य हेतूच नसतो. हे न सांगता केलं, तर आरशात फिकट ठिगळ आणि उघडं मूळ पाहून माणूस चिडणारच. पण तो दोष ग्राफ्टचा नाही.

निशिगंध
वर्गीकरण पटलं. पण टाळूबद्दल तुम्ही एक शब्द काढला नाहीत, आणि पहिल्या दोन आठवड्यांतली सगळी नाराजी तिथूनच येते.

फ्री ग्राफ्टमध्ये साधारण १ ते १.५ मिमी जाडीचा तुकडा कातडीसकट निघतो. जखम उघडी राहते आणि कडांकडून भरत येते, त्याला दोन ते चार आठवडे लागतात. कनेक्टिव्ह टिश्यू ग्राफ्टमध्ये आतला थरच काढून वरची कातडी परत शिवतात, म्हणून दुखणं कमी. पण ती कातडी फार पातळ कापली गेली तर मरते, आणि मग पुन्हा तीच उघडी जखम.

उपाय माहीत असलेलेच आहेत: आधी माप घेऊन बनवलेली टाळूची पारदर्शक प्लेट, जखमेवर कोलॅजनचा स्पंज, त्यावर सायनोअ‍ॅक्रिलेट हा जखम चिकटवायचा गोंद. प्लेट असली की जीभ आणि घास जखमेवर घासत नाहीत. खर्चही फार नाही. तरी ती कितीतरी ठिकाणी देत नाहीत, याचा मला मनापासून राग आहे.

रात्री टाळूतून रक्त आलं तर चुळा भरत बसू नका, गुठळी निघून जाते. ओला गॉज घट्ट दाबून धरा, १५-२० मिनिटं उचलून बघायचं नाही. तरीही थांबलं नाही तर सकाळची वाट न बघता डॉक्टरांना फोन. स्ट्रॉने पिणंही बंद.

कोरा कागद
प्लेट देत नाहीत, पण पीआरएफ, म्हणजे पेशंटच्याच रक्तातून बनवलेला पडदा, मात्र बिलात असतं! रक्त काढायचं, फिरवायचं, पडदा लावायचा. टाळूच्या जखमेवर लावलं तर समजू शकतो. पण ‘टाळूला हात न लावता तेच काम होईल’ म्हणून विकतात, ते चूक. हिरडीला जाडी द्यायची तर टाळूचा तुकडाच भरवशाचा.

शंखनाद
माझ्या पोस्टवरून सगळे बोलताय म्हणून लिहितो. आरटी-२ला पूर्ण झाकलं जात नाही, बरं, मान्य. पण संमतीपत्र खुर्चीत बसल्यावर पुढे करतात, त्यात हे कुठे असतं? न सांगितलेली गोष्ट पेशंटने कशी ओळखायची? आणि आठव्या दिवशी ग्राफ्ट पांढरा पडून सोलतो, तेव्हा सडला असंच वाटणार.

सुळा
संमतीपत्राचं बरोबर आहे. ते आधी घरी वाचायला मिळालं पाहिजे, सोबत प्रोबने (हिरडी मोजायच्या खुणांच्या सळईने) मोजलेले मिलिमीटर आणि फोटो. पण वरचा पांढरा थर सुटणं नेहमीचं आहे, खाली लालसर दिसलं तर ग्राफ्ट जिवंत आहे. फ्री ग्राफ्ट आकसतोही, म्हणून मुळात मोठा घेतात. निकाल सहा महिन्यांनी बघावा. काही वेळा हिरडी पुढेही थोडी चढते.

एक अडचण मात्र खरी आहे. घासून दाताच्या मानेशी खाच पडली असेल तर एनॅमल संपून मूळ सुरू होतं ती सीमारेषाच पुसलेली असते, मग ‘पूर्ण’ कुठपर्यंत मोजणार? झाकलं न जाणाऱ्या भागात फिलिंग करावं लागतं, नाहीतर गार पाण्याची सणक तशीच राहते.

मुखशुद्धी
खाच पडतेच का यावर कुणी बोलणार आहे का? कडक ब्रश, आडवं घासणं, आणि आपल्याकडे मशेरी. मशेरी लावणाऱ्यांना ग्राफ्ट करूच नये, वाया जातो.

निशिगंध
‘करूच नये’ हे कोण ठरवणार? गावाकडच्या बायकांना सरळ दारातून परत पाठवायचं? त्यांना सणक येत नाही का?

मुखशुद्धी
भावनेवर नेऊ नका. मशेरी म्हणजे भाजलेली तंबाखू. निकोटिनने रक्तवाहिन्या आकसतात आणि तुकडा जगतोच मुळी आजूबाजूच्या रक्तावर, हे वर सुळा यांनीच लिहिलंय. शिवाय तेच बोट रोज त्याच पुढच्या दातांवर.

कोरा कागद
मग बिडी-सिगारेटवाल्यांनाही परत पाठवा. त्यांचे ग्राफ्ट होतातच की.

सुळा
होतात आणि कमी टिकतात. आधी काही आठवडे बंद, नंतर टाके निघून हिरडी बसेपर्यंत तर बंदच. टाके १०-१४ दिवसांनी निघतात. त्या जागी दोन-तीन आठवडे ब्रश नाही, ०.२ टक्के क्लोरहेक्सिडिन १० मिलि दोनदा. इतर दातांना पेस्ट लावली असेल तर मध्ये अर्धा तास जाऊ द्या, पेस्टमधल्या फेसाच्या द्रव्याने त्याचा असर कमी होतो. त्यात चहा भरपूर झाला की दात तपकिरी पडतात आणि लोक म्हणतात ग्राफ्टने दात काळे केले. ते डाग पॉलिशने निघतात.

मुखशुद्धी
‘बंद करा’ म्हणून मशेरी बंद होत नसते!

निशिगंध
तेच तर म्हणतेय. ‘लावल्याशिवाय पोट साफ होत नाही’ असं बायका सांगतात, ती तलफ आहे आणि सकाळचीच आहे. ऑपरेशनच्या तारखेआधी त्यावर इलाज सुरू करा: सकाळी कोमट पाणी, जेवणात चोथा, लागलं तर डॉक्टरांना विचारून इसबगोल आणि निकोटिनच्या गोळ्या. टाके घातल्यावर तोंडातल्या गोळ्या-च्युइंगगम नकोत, तेव्हाचं डॉक्टरांशी आधीच ठरवा. हे न करता माणूस परत पाठवायचा, हे मला कधीही पटणार नाही.

मुखशुद्धी
इलाज करून सुटली तर करा ग्राफ्ट. न सुटता केला तर माझा विरोध कायम.