मदत हवी आहे : पक्ष्यांच्या ग्रुपवर बरोबर बोलणारा पण खवचट माणूस कसा सांभाळावा?

नमस्कार मंडळी. जरा लांबण लागणार आहे, आधीच सांगून ठेवतो.

गोंदिया जिल्ह्यातल्या नवेगावबांध तलावाच्या आजूबाजूच्या गावांतल्या लोकांचा आमचा पक्ष्यांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे, पाच वर्षं झाली, सध्या २१२ जण. मी ॲडमिन. ॲडमिन कसा झालो तर माझं झेरॉक्स अन् ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे, मोबाईल दिवसभर हातात असतो, म्हणून सगळ्यांनी माझ्याच गळ्यात घातलं. पक्ष्यांतलं मला म्हणावं तेवढं कळत नाही. अडई, शेकाट्या, कमळपक्षी, वारकरी हे तलावावरचे ओळखतो, झाडावरचा आला की मी गप्प बसतो.

गुड मॉर्निंग, वाढदिवस, राजकारण हे कधीचंच बंद केलं आहे. ते काही अवघड नसते, दोनदा डिलीट केलं की लोक समजतात. भानगड दुसरीच आहे.

ग्रुपवर एक रिटायर्ड सर आहेत. हिवाळ्यात तलावाच्या पार मधोमध नुसता काळा ठिपका दिसला तरी ते बदकाचं नाव सांगतात. दुर्बीण कशी धरायची हे आमच्यातल्या अर्ध्या लोकांना त्यांनीच शिकवलं, स्वतःच्या पेट्रोलनं गावोगावच्या शाळांत जाऊन पोरांना पक्षी दाखवले. पण बाप्पा, तोंड म्हणजे मिरचीचा ठेचा.

मृग लागला तेव्हाची गोष्ट. एक पोट्टा आहे, नुकताच बारावी झालेला, घरची धानाची शेती. त्यानं मोहाच्या फांदीवर बसलेल्या पाखराचा फोटो टाकला, मोबाईलवर झूम करून काढलेला, खाली लिहिलं "शिकरा, आमच्या शेतात". तो होता पावशा, कोकिळेच्या कुळातला, अन् शिकरा म्हणजे शिकारी पक्षी. आता ही चूक कोणाचीही होते, पावशाचा रंग, शेपटीवरचे पट्टे, उडायची ढब सगळं शिकऱ्यासारखंच, लहान पाखरंसुद्धा फसतात अन् त्याला बघून कालवा करतात. चोच पाहिली की कळते, शिकऱ्याची आकड्यासारखी वळलेली असते अन् पावशाची बारीक, सरळसर, वर डोळ्याभोवती पिवळं कडं. सरांनी एवढं लिहिलं असतं तरी पोट्टा खूश झाला असता. सरांनी लिहिलं, "ज्याला पेर्ते व्हा ओरडणारं पाखरू कळत नाही त्यानं शेतकऱ्याचं पोर म्हणवून घेऊ नये."

खाली सतरा हसऱ्या स्मायल्या आल्या. त्यातली एक माझी होती.

त्यानंतर दोन महिने त्याचा एक मेसेज नाही. अन् मग पोळ्याच्या आठवडाभर आधी त्यानं टाकला सारसाच्या घरट्याचा फोटो, त्यांच्याच बांधीतला (धानाच्या खाचरातला), पाण्यात रचलेला गवताचा ढीग, मधे दोन अंडी, मागं जोडी उभी. खाली लिहिलं, "हा तरी सारसच आहे ना सर? की हा पण बगळा?" अन् सोबत गूगलचं लोकेशन. थेट बांधीचं.

सारस महाराष्ट्रात मुख्यतः आमच्या गोंदिया-भंडाऱ्याकडंच उरले आहेत, तुम्हाला माहीतच असेल. घरट्याचं लोकेशन टाकायचं नाही हा आमच्या ग्रुपचा पहिला नियम आहे, डिस्क्रिप्शनमध्ये लिहिलेला आहे, अन् डिस्क्रिप्शन कोण वाचते. त्या दिवशी दुकानात विद्यार्थ्यांची गर्दी, सर्व्हर बंद चालू बंद चालू, मी ग्रुप पाहिला तीन तासांनी. डिलीट केलं, पण तोवर फॉरवर्ड कुठं कुठं गेलं होतं देव जाणे, फॉरवर्ड झालेलं तर आपल्या हातात राहत नाही.

रविवारी धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, चार गाड्या अन् एक कार. हे लांबलांब लेन्स. एक जण तर रोवणी झालेल्या बांधीत गुडघाभर चिखलात उतरला म्हणते. जोडी घरट्यावरून उठली अन् दूर जाऊन उभी राहिली, वर कावळे फिरून राहिले, अंडी उघडी. पोराच्या बापानं शेवटी काठी घेऊन सगळ्यांना हाकललं.

रात्री सरांचा व्हॉइस मेसेज, दोन मिनिटांचा. मुद्दा प्रत्येक बरोबर होता, जोडी महिनाभर आळीपाळीनं अंडी उबवते, वरचेवर उठवली तर घरटं सोडूनही देते, कावळे-कुत्री टपलेलीच असतात. पण "अक्कल गहाण", "लाईकसाठी अंडी विकणारा" हेही त्यातच. पोट्ट्यानं ग्रुप सोडला. आता कोणी ग्रुप सोडला की सूचना फक्त ॲडमिनलाच येते, त्यामुळं बाकीच्यांना पत्ताच नाही, ते दोन दिवस "सर, बरोबर झापलं" करून राहिले अन् झापायला तो तिथं नव्हताच.

आता बाप म्हणते, ग्रुपवाला एकही माणूस माझ्या धुऱ्यावर दिसला नाही पाहिजे. अन् त्या घरट्यावर लक्ष ठेवणारं दुसरं कोणीही नाही.

मला राहून राहून वाटते की तो पावशाचा टोमणा नसता तर हे लोकेशन आलंच नसतं. त्याला घरटं दाखवायचं नव्हतं, त्याला सरांना दाखवायचं होतं.

सरांना काढावं का? काढलं तर ग्रुपमध्ये उरते काय, माझ्यासारखे शेकाट्यावाले. नाही काढलं तर नवीन कोणी फोटो टाकायची हिंमत करणार नाही, आताच कोणी टाकत नाही, सगळे मला पर्सनलवर पाठवतात अन् मी सरांना विचारून उत्तर देतो, मी म्हणजे पोस्टमन झालो आहे. "फक्त ॲडमिन मेसेज पाठवू शकतात" करून पाहिलं चार दिवस, ग्रुप मेल्यासारखा झाला. वरून माझा साळा भीती घालून राहिला की उद्या कोणी तक्रार केली तर ॲडमिनलाच उचलतात. कोणी असं काही निस्तरलं असेल तर सांगजा.

प्रतिसाद १
काढून टाका, विषय संपला. ज्ञानी आहेत म्हणून कोणाच्या पोराची इज्जत काढायची का? आमच्या जुन्या नाण्यांच्या ग्रुपवर असेच एक काका होते, आम्ही सहन करत बसलो अन् वर्षभरात ग्रुपवर काका एकटेच उरले.

प्रतिसाद २
साळ्याला सांगा, घाबरू नको. मुंबई हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाचा २०२१ चा निकाल आहे अन् ते प्रकरण तुमच्याच गोंदिया जिल्ह्यातलं होतं. मेंबरनं काही आक्षेपार्ह टाकलं तर तेवढ्यावरून ॲडमिन गुन्हेगार होत नाही, दोघांचा मिळून तसा इरादा होता हे दिसलं पाहिजे, असं कोर्टानं म्हटलं. म्हणून निवांत झोपू नका मात्र, दिसलं की डिलीट करत जा.

प्रतिसाद ३
भाऊ, राग नका मानू, पण तुमची ती स्मायली जास्त लागली असेल त्याला. सर तर सगळ्यांनाच बोलतात, ॲडमिन हसला म्हणजे ग्रुप हसला. आधी तुम्ही जा त्याच्या घरी, सरांचं मग बघू.
अन् सरांना ग्रुपवर काही लिहू नका, चारचौघांत टोकलं की म्हातारा माणूस अजून अडून बसते. फोन पण नको, समोर बसून बोला. आमच्याकडं एकच गोष्ट लागू केली, ओळख चुकली तर "नाही" लिहायचं नाही, "चोच बघ" किंवा "पाय बघ" एवढंच लिहायचं. खवचटपणाला जागाच राहत नाही. ज्याला ज्ञान दाखवायचं त्याचंही भागते.

प्रतिसाद ४
लोकेशनबद्दल : ई-बर्डवरसुद्धा (पक्ष्यांच्या नोंदी टाकायची वेबसाइट) काही नाजूक जातींची नेमकी जागा इतरांना दिसत नाही, ते लपवूनच ठेवतात. तुमचा नियम बरोबरच आहे, पण डिस्क्रिप्शनमध्ये टाकून मोकळं होऊ नका. नवीन माणूस ॲड केला की त्याला पर्सनलवर दोन ओळी पाठवा, गावच्या भाषेत, कायद्याच्या नको.

धागाकर्ता
सगळ्यांचे आभार. उशीर झाला, मधे तान्हा पोळा, मग पीकविम्याच्या तक्रारींची गर्दी.

प्रतिसाद ३ वाले भाऊ, तुमचं बोलणं झोंबलं, पण गेलो. बापानं दारातच विचारलं, "कॅमेरा आणला का?" नाही म्हटलं तेव्हा चहा झाला. पोट्टा अर्धा तास काही बोललाच नाही, मी स्मायलीचं कबूल केलं तेव्हा म्हणाला, "मले माहीत हाय, मी सतराच्या सतरा नावं वाचली होती."

मग तो मला धुऱ्यावर घेऊन गेला, मोबाईल घरी ठेवायला लावला दोघांचे. लांबून पाहिलं. पिल्लू एकच, बदामी रंगाचं, आईबापाच्या पायांत घुटमळत होतं, दुसऱ्या अंड्याचं काय झालं ते त्यालाही माहीत नाही. तो रोज सकाळ-संध्याकाळ जाऊन वहीत लिहितो, किती वाजता कोण घरट्यावर, कुत्री किती, सगळं. अशी वही आमच्या २१२ जणांत कोणाकडं नसेल.

सरांकडंही गेलो. ते म्हणाले, "मी चूक काय बोललो ते सांग." पावशाचं सांगितलं. त्यांना ते आठवतच नव्हतं. मोबाईलवर काढून दाखवलं तेव्हा चष्मा लावून दोनदा वाचलं अन् म्हणाले, "हे मी लिहिलं?" बाकी काही बोलले नाहीत, माफी वगैरे तर विसराच.

पोट्टा ग्रुपवर यायला तयार नाही. पण परवा त्यानं वहीच्या चार पानांचे फोटो मला पाठवले अन् म्हणते, "ग्रुपवर टाकू नका, फक्त सरांना दाखवा, काही चुकलं असेल तर सांगतील." आता दाखवायची तर नुसती पानं फॉरवर्ड करू की सरांना घेऊन त्याच्या घरी जाऊ? बाप काठी घेऊन उभा राहील का हाही प्रश्न आहेच.