मदत हवी आहे: हृदयविकार असलेल्या वयस्क कुत्रीसह साउथॅम्प्टन ते न्यूयॉर्क जहाजप्रवास

नमस्कार.

आम्ही दोघे गेली नऊ वर्षे इंग्लंडमध्ये रेडिंग येथे राहतो आणि येत्या सप्टेंबरअखेरीस नोकरीनिमित्त कायमचे न्यू जर्सीला जात आहोत. आमच्याबरोबर ठकी आहे. ती पग जातीची, अकरा वर्षांची, साडेनऊ किलो वजनाची कुत्री असून तिच्या हृदयाची डाव्या बाजूची झडप गेल्या दीड वर्षापासून गळते. तिला ‘क्वीन मेरी २’ या जहाजाने न्यावे असे आम्ही जवळजवळ ठरवले आहे. मात्र रात्रीच्या व्यवस्थेबद्दल मनाचे समाधान होत नसल्याने पैसे भरण्यापूर्वी येथील अनुभवी मंडळींचा सल्ला हवा आहे.

विमानाचा विचार करून झाला आहे. पगसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्यांना उकाडा आणि भीती सोसत नाही, धाप लागली की ती लवकर शमत नाही, म्हणून अनेक विमान कंपन्या या जातींना सामानकक्षातून नेतच नाहीत. प्रवाशासोबत कुत्रे नेऊ देणाऱ्या बऱ्याच कंपन्यांची मर्यादा पिशवीसकट आठ किलोची असते आणि ठकीचे वजन आणखी उतरवायला आमच्या पशुवैद्य तयार नाहीत.

जहाजाचे तसे नाही. अटलांटिक ओलांडून नियमित प्रवासी फेऱ्या करणारे हे एकमेव मोठे जहाज आहे, प्रवास सात रात्रींचा आहे आणि बाराव्या मजल्यावर कुत्र्या-मांजरांसाठी वेगळा विभाग आहे. 2016च्या नूतनीकरणात तेथील केनेलची, म्हणजे प्राणी ठेवण्याच्या पिंजऱ्यांची, संख्या वाढवली गेली, तरीही जागा कित्येक महिने आधी भरतात. आम्हाला मिळू शकणारी जागा कोणाच्या तरी रद्द झालेल्या नोंदणीमुळे मोकळी झाली आहे आणि ती येत्या रविवारपर्यंतच आमच्यासाठी राखून ठेवलेली आहे. प्राण्यांची देखभाल करणारे कर्मचारी तेथे असतात, मालकांना दिवसा ठरलेल्या वेळांत प्राण्यांसोबत बसता येते आणि उघड्या डेकवर फिरवताही येते. कुत्र्याला स्वतःच्या खोलीत मात्र नेता येत नाही आणि रात्री मालकांना केनेलमध्ये प्रवेश नसतो.

माझी काळजी नेमकी त्या रात्रींची आहे. ठकीला दिवसातून दोनदा पिमोबेंडान, म्हणजे हृदयाला बळ देणारे औषध, आणि दोनदा फ्युरोसेमाइड, म्हणजे छातीत साठणारे पाणी लघवीवाटे काढणारी गोळी, द्यावी लागते. ही गोळी पोटात गेल्यावर तासाभरात ती दाराशी जाऊन उभी राहते आणि पुढचे काही तास तिला वारंवार बाहेर न्यावे लागते. घरी मी रात्री साडेअकराला आणि पहाटे पाचला उठून तिला नेते. जहाजावर शेवटची भेट आणि सकाळची पहिली भेट यांत दहा-अकरा तास जातील असे दिसते. त्यातच, पश्चिमेकडे जाताना सातपैकी पाच रात्री घड्याळ एकेक तास मागे घेतले जाते, म्हणजे त्या पाच रात्री तिच्यासाठी तासाभराने आणखी लांबतील. लघवी दाबून ठेवायला लावणे तिच्या वयात योग्य नाही, आणि केनेलमध्येच झाली तर ओल्यात झोपणे तिला ठाऊक नाही.

पशुवैद्यांनी एक तोडगा सुचवला आहे. फ्युरोसेमाइडची दुसरी मात्रा रात्रीऐवजी दुपारी तीन-चारच्या सुमारास द्यावी, म्हणजे शेवटच्या भेटीपर्यंत तिचा बहुतेक परिणाम ओसरलेला असेल. पिमोबेंडान मात्र शक्यतो बारा तासांच्या अंतराने आणि खाण्याच्या तासभर आधी द्यायचे असल्याने ते जहाजाच्या घड्याळाप्रमाणे द्यावे की प्रवास संपेपर्यंत इंग्लंडच्या वेळेप्रमाणे, हे आम्हाला उलगडलेले नाही. ज्यांच्या कुत्र्यांना अशी औषधे चालू होती त्यांनी या वेळा कशा जुळवल्या? कर्मचारी रात्री एकदा तरी आत फेरी मारतात का, आणि विनंती केल्यास कुत्र्याला बाहेर काढतात का?

याहून एक गोष्ट मनाला जास्त लागून राहिली आहे. ठकी गाढ झोपली की मी रोज तिच्या बरगड्यांकडे पाहत मोबाईलवर तीस सेकंद लावते, श्वास मोजते, दुप्पट करते आणि स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लिहून ठेवते. बहुतेक दिवशी आकडा बावीस ते सव्वीस असतो. झोपेतले श्वास मिनिटाला तीसच्या वर जाऊ लागले तर वाट न पाहता फोन करा, अशी सक्त सूचना आहे आणि मार्चमध्ये अडतीस दिसल्यामुळेच तिच्यावर वेळेत उपचार झाले. सात रात्री हा आकडा कोण पाहणार? दुपारच्या भेटीत ती मांडीवर झोपली तर मोजता येईल, पण अनोळखी जागी ती दिवसा झोपेल का?

दुसरी अडचण लघवीच्या जागेची. ठकी आजवर गवताखेरीज कोठेही बसलेली नाही. त्या विभागात कुत्र्यांसाठी लिव्हरपूलच्या धाटणीचा दिव्याचा खांब आणि न्यूयॉर्कच्या धाटणीचा अग्निशामक नळ उभारला आहे, तो पाय वर करणाऱ्या कुत्र्यांना उपयोगी पडत असेल. ठकी बसून करते. घरून कृत्रिम गवताचा तुकडा नेऊ देतात का? तसेच जहाजाचे डुलणे वरच्या मजल्यांवर अधिक जाणवते, म्हणून मळमळीसाठी मॅरोपिटंट सोबत दिले आहे. ते रोज देणे गरजेचे ठरते की समुद्र खवळलेला असेल त्याच दिवशी, हेही कोणी स्वानुभवाने सांगावे.

भर, दुसऱ्या दिवशी:

इतक्या आपुलकीने उत्तरे दिल्याबद्दल सर्वांचे मनापासून आभार. एका प्रतिसादात झोपेचे औषध सुचवले आहे. चपट्या नाकाच्या, त्यातून हृदयविकार असलेल्या कुत्रीला गुंगी दिल्यास श्वासावर परिणाम होऊ शकतो, म्हणून आमच्या पशुवैद्यांनी ते स्पष्ट नाकारले आहे. कृपया इतर वाचकांनीही स्वतःच्या मनाने असे औषध देऊ नये.

कागदपत्रांविषयी विचारणा झाली, म्हणून लिहिते. ऑगस्ट 2024 पासून अमेरिकेत येणारे कुत्रे किमान सहा महिन्यांचे, निरोगी दिसणारे आणि मायक्रोचिप असलेले असावे लागते, शिवाय अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राचा अर्ज भरून त्याची पावती सोबत ठेवावी लागते. ठकी इंग्लंडातच जन्मली, देशाबाहेर कधी गेली नाही आणि ब्रिटन रेबीजच्या जास्त जोखमीच्या यादीत नाही, त्यामुळे तिचे एवढ्यावर भागते. भारत मात्र त्या यादीत आहे. ज्यांचे कुत्रे मागच्या सहा महिन्यांत पुण्या-मुंबईला जाऊन आले असेल त्यांना रेबीज लसीकरणाचे जास्तीचे नियम लागू होतात, हे तिकीट काढण्याआधी लक्षात घ्यावे.

तिला येथेच कोणाकडे ठेवावे असेही एका ताईंनी लिहिले. त्यामागची कळकळ समजते; पण श्वास मोजून मध्यरात्री निर्णय घेण्याची जबाबदारी मी दुसऱ्यावर टाकू शकत नाही, आणि अकराव्या वर्षी तिने घर बदलावे असे मला वाटत नाही.

काल बाल्कनीत दोन फूट लांबीचे कृत्रिम गवत अंथरले आणि बागेतील तिच्या नेहमीच्या जागेची मूठभर माती त्यावर पसरली. ती बराच वेळ वास घेत राहिली, एकदा गोल फिरली आणि दाराशी परत येऊन उभी राहिली. आज पुन्हा प्रयत्न करणार आहोत. ज्यांच्या कुत्र्यांना ही सवय लागली त्यांनी किती दिवस लागले ते अवश्य कळवावे. रात्रीच्या फेरीबद्दल ज्यांना प्रत्यक्ष माहिती आहे, त्यांनी शक्य असल्यास शनिवारपर्यंत लिहावे, ही विनंती.