मदत हवी आहे: मरीन क्लेच्या यूडीएसची ताकद व्हेनच्या निम्मीही येत नाही

खाडीकाठ:
उरणजवळ भरावाचं काम आहे, शुक्रवारी रिपोर्ट द्यायचाय आणि मी अडकलोय. ७ मीटरवरच्या मरीन क्लेच्या (समुद्री चिकणमातीच्या) यूडीएसवर, म्हणजे ट्यूबने न विस्कटता काढलेल्या नमुन्यावर, यूयू टेस्ट (पाणी निघू न देता ताकद मोजायची लॅब चाचणी) केली, ५ केपीए (किलोपास्कल) आले. त्याच खोलीवर व्हेनने (जमिनीतच पातं फिरवून ताकद मोजायची चाचणी) १४. कन्सॉलिडेशनचा (दाबाखाली माती किती बसते त्याचा) आलेख तर नुसता गोल, प्रीकन्सॉलिडेशन प्रेशर (मातीने आजवर सोसलेला सर्वांत जास्त दाब) कुठे धरू तेच कळत नाही. कोणता आकडा घेऊ? प्लीज लवकर सांगा.

रिगवाला:
ट्यूब कोणती? दाबली की ठोकली? बोअर कसा मारला? हे सांगितल्याशिवाय काय बोलणार?

खाडीकाठ:
नेहमीचीच १०० मिमीची ट्यूब. प्रश्न लॅबच्या आकड्याचा आहे हो, रिगचा नाही.

मुरूम:
रिगचाच आहे. धारेजवळ बाहेरचा आणि आतला व्यास मोजा. दोघांच्या वर्गांमधल्या फरकाला आतल्याच्या वर्गाने भागा. तो एरिया रेशो.

शेतशिवार:
मातीचा नमुना घेताना बांधाजवळची, झाडाखालची, शेणखताच्या ढिगाजवळची जागा टाळा. इंग्रजी व्ही आकाराचा खड्डा करून कडेची माती घ्या. जस्त तपासायचं असेल तर गॅल्व्हनाइज्ड बादली नको, प्लास्टिकची वापरा.

मुरूम:
शेतशिवार, माहिती चांगली आहे, पण इथे पिकाचा विषय नाही.

खाडीकाठ:
मोजलं. बाहेर ११४, आत १००. एजन्सीवाले म्हणतात दाबायची सोय नव्हती, हातोड्याने ठोकली.

मुरूम:
म्हणजे ३० टक्के! मऊ क्लेला साधारण १० च्या आत हवं. ३ इंची पातळ ट्यूब, ७६.२ बाहेर आणि ७२.९ आत, ९ टक्क्यांवर बसते. जाड भिंत स्वतःला जागा करताना माती ढकलते. नमुना आत शिरण्याआधीच दाबला जातो, शिरताना ताणला जातो. कणांची मूळ रचना तिथेच मोडते. तुमचा गोल आलेख त्याचाच. वर प्रत्येक ठोक्याचा हादरा वेगळाच.

रिगवाला:
नुसत्या भिंतीला दोष देऊ नका. बेलर (बोअरमधला गाळ उपसायचं नळकांडं) झटक्यात वर ओढला की बोअरचा तळ शोषला जातो. केसिंगमधलं (बोअरच्या कडा धरणाऱ्या पाइपातलं) पाणी उतरलं तर तळ फुगतो. मग कितीही पातळ ट्यूब घाला, आत येतो तो आधीच सैल झालेला चिखल. केसिंग काठोकाठ भरलेली ठेवा आणि फिक्स्ड पिस्टन (ट्यूबमध्ये स्थिर दट्ट्या असलेलं साधन) वापरा. तळाचा गाळ आत येत नाही, वर काढताना नमुना निसटत नाही. मी खाडीत दुसरं काही वापरतच नाही.

ट्रायॲक्सियल:
पिस्टन म्हणजे सगळं नव्हे. पिस्टनचे उत्तम नमुने गाडीत आडवे टाकून आणलेले मी उघडलेत, टोकाचं मेण तडकलेलं आणि पाणी सुटलेलं. लॅबमध्येही माती ज्या दिशेने आत गेली त्याच दिशेने बाहेर ढकलायची, उलट नाही.
खाडीकाठ, मूळ व्हॉइड रेशो (पोकळ्यांचं घन कणांशी प्रमाण) किती? ओव्हरबर्डनपर्यंत (वरच्या मातीच्या दाबाइतका) लोड नेल्यावर किती उरला? पीआय (प्लॅस्टिसिटी इंडेक्स, मातीच्या चिकटपणाचा आकडा)?

खाडीकाठ:
२.३०, नंतर १.९३. पीआय ५२.

ट्रायॲक्सियल:
व्हॉइड रेशोतली घट ०.३७ भागिले मूळ २.३०, म्हणजे ०.१६. नमुना किती बिघडला हे ठरवणाऱ्या लुने आणि सहकाऱ्यांच्या १९९७च्या निकषात ओसीआर (आजवरचा सर्वाधिक दाब भागिले आताचा दाब) १ ते २ असताना ०.०४ च्या आत उत्तम, ०.१४ च्या वर अगदी वाईट. या ट्यूबवरून ना ताकद घ्या ना सेटलमेंट (भराव किती खचेल तो आकडा). स्थैर्यासाठी व्हेन घ्या, पण ब्येरुमची दुरुस्ती (पीआयनुसार व्हेनचा आकडा कमी करणारा गुणक) लावून. या पीआयला साधारण ०.८, म्हणजे ११ केपीए.

रिगवाला:
कशाला कमी करायचं? व्हेन जागेवरच होते, मातीला हात लागत नाही.

ट्रायॲक्सियल:
व्हेन झपाट्याने फिरते, भराव महिनोन्‌महिने बसतो. शिवाय आपल्या खाडीच्या मातीत शिंपले असतात, पातं त्यांना अडलं तर आकडा उगाच वर जातो. रीमोल्डेड (माती पुरती ढवळल्यावरचं) वाचनही पाहा.

खाडीकाठ:
रिपोर्टमध्ये ११ लिहितोय, आणि सेटलमेंटचा आकडा तात्पुरता आहे असं स्पष्ट लिहितो. एजन्सी पुढच्या आठवड्यात दोन मीटर बाजूला नवा बोअर मारायला तयार झालीय, पातळ ट्यूब, दाबून. रिगवाले दादा, अजून काय बघू?

रिगवाला:
ट्यूब उतरवण्याआधी धारेवरून बोट फिरवा. दुमडलेली किंवा गंजलेली असेल तर परत पाठवा. दाबून झालं की थोडं थांबा, रॉड फिरवून तळ तोडा, मगच सावकाश ओढा.