जुना अँप्लिफायर, स्पीकर, टर्नटेबल: दुरुस्त करायचं की बदलायचं? अनुभव धागा

पंचवीस-तीस वर्षांपूर्वी हौसेनं घेतलेला अँप्लिफायर एका बाजूनं मुका होतो, स्पीकरच्या कडेचा फोम बोट लावताच गळून पडतो, आणि मग घरात वाद सुरू होतो: आता यावर खर्च करायचा की नवीन घ्यायचं? हा कोल्हापूरकरांचा धागा त्यासाठी आहे, प्रत्येक मजकुरावर लिहिणाऱ्याचा भाग आणि विषय दिलाय. यंत्र कुठून आणलं, कोणी भेट दिलं हे नको. दोष काय होता, मीटरवर काय दिसलं, कोणता भाग बदलला आणि कुठे हात टेकावे लागले, तेवढं लिहा. कारागिरांची नावं आणि फोन नंबर टाकू नका.

राजारामपुरी, अँप्लिफायर दुरुस्ती

यंत्र किती जुनं आणि तेव्हा किती पैसे मोजले, या दोन गोष्टी हिशेबातून आधी काढून टाका. मी पहिल्यांदा एकच बघतो. जो भाग आज मिळणार नाही, तो शाबूत आहे का? अँप्लिफायरमध्ये तो भाग बहुतेक वेळा ट्रान्सफॉर्मर असतो. तो चांगला असेल तर बाकी जवळपास सगळं करता येतं.

बरीच वर्षं बंद असलेला अँप थेट प्लगला लावू नका. सिरीज लॅम्प (अँपला जाणाऱ्या विजेच्या वाटेत जोडलेला बल्ब) वापरा: लहान अँपला ६० वॅटचा, मोठ्याला १०० वॅटचा जुना तारेचा पिवळा बल्ब. एलईडी इथे उपयोगाचा नाही. बल्ब क्षणभर लख्ख पेटून मंद झाला तर मेन कपॅसिटर चार्ज झाले, पुढे जायला हरकत नाही. लख्खच राहिला तर बहुधा आउटपुट ट्रान्झिस्टर किंवा ब्रिज रेक्टिफायर (एसीचं डीसी करणारा भाग) शॉर्ट आहे. सेकंडरीच्या (ट्रान्सफॉर्मरकडून सर्किटकडे जाणाऱ्या) तारा सोडवल्या आणि तरीही बल्ब पेटतो, तर ट्रान्सफॉर्मरच गेला.

यानंतर स्पीकर न जोडता आउटपुटवर डीसी व्होल्टेज मोजा, पण रिलेच्या (स्पीकर जोडणाऱ्या-तोडणाऱ्या आपोआप स्विचच्या) अलीकडे. रिले ओढलाच गेला नसेल तर टर्मिनलवर शून्य दिसतं आणि माणूस फसतो. ५० मिलिव्होल्टच्या आत असेल तर ठीक. १०० च्या वर गेलं तर इनपुटकडचे ट्रान्झिस्टर आणि तिथले छोटे कपॅसिटर तपासावे लागतात. ३०-४० व्होल्ट दिसले तर आउटपुट शॉर्ट. अशा वेळी एकटा उडालेला ट्रान्झिस्टर बदलून भागत नाही. त्याच्यामागचे ड्रायव्हर ट्रान्झिस्टर आणि एमिटर रेझिस्टर तपासल्याशिवाय वीज दिली तर नवा नगही त्याच सेकंदाला जातो.

आवाज कमी असताना एक बाजू गायब होते आणि नॉब वाढवला की परत येते, हा दोष बहुतेक वेळा रिलेचा. कॉन्टॅक्टवर काळा थर येतो. पॉलिश पेपर घासू नका, वरचा मुलामा निघून जातो. जाड कागदाची पट्टी कॉन्टॅक्ट क्लीनरमध्ये भिजवून दोन कॉन्टॅक्टच्या मधून ओढा. महिन्या-दोन महिन्यांत दोष परतला तर रिले बदला. कॉइलचं व्होल्टेज (बहुधा २४) आणि पायांची मांडणी जुळवून घ्या. एवढ्याशा भागासाठी अख्खे अँप विकले जातात, याचं फार वाईट वाटतं.

बायस (गाणं नसतानाही आउटपुट ट्रान्झिस्टरमधून वाहणारा थोडा प्रवाह) बघायचा तर आधी अँप २० मिनिटं तापू द्या. एमिटर रेझिस्टर ०.२२ ओहमचा असेल आणि त्याच्या दोन टोकांत ११ मिलिव्होल्ट दिसले, तर प्रवाह ५० मिलिअँप. योग्य आकडा सर्व्हिस मॅन्युअलमध्येच बघा, अंदाजानं फिरवू नका. जुना उघडा ट्रिमर (सेटिंगचा छोटा स्क्रू-रेझिस्टर) फिरवताना मध्येच संपर्क सुटला तर अनेक सर्किटांत बायस एकदम वर जातो आणि आउटपुट उडतं. म्हणून आधी बंद डब्याचा मल्टिटर्न ट्रिमर बसवा, मग सेटिंग करा.

अजून एक. मोठ्या कपॅसिटरच्या बुडाशी तपकिरी चिकट काही दिसलं की लोक म्हणतात लीक झालाय. ते बऱ्याचदा कारखान्यातला गोंद असतो. नवा असताना पिवळसर मऊ, जुना झाला की गडद तपकिरी आणि टणक. त्यातून वीज झिरपते आणि शेजारच्या डायोड-रेझिस्टरचे पाय हिरवे पडून कुरतडले जातात. बांबूची काडी आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन तो पूर्ण खरवडून काढा आणि मगच कपॅसिटरचा निवाडा करा.

लक्ष्मीपुरी, सुटे भाग

वरच्या दादांना जोड देतो. २एससी५२०० आणि २एसए१९४३ ही आउटपुट ट्रान्झिस्टरची जोडी आणि जुन्या एसटीके आयसी (अख्खं आउटपुट एकाच डब्यात) यांत नकली माल प्रचंड आहे. छाप हुबेहूब असते, आतली चिप लहान असते. हलक्या आवाजावर तासभर नीट वाजतं, मोठ्यावर जातं. अधिकृत वितरकाचं बिल मिळेल तिथूनच घ्या, मग पुण्याहून-मुंबईहून यायला चार दिवस लागोत. एसटीकेचा खात्रीचा नग मिळतच नसेल आणि अँप साधा असेल, तर तिथे मी दुरुस्ती सुचवत नाही.

मेन कपॅसिटर घेताना व्होल्टेज जुन्याइतकं किंवा वरचं हवं. ट्रान्सफॉर्मर ३५-०-३५ व्होल्टचा असेल तर प्रत्येक बाजूला डीसी सुमारे ४९ व्होल्ट येतो. पण अँप २२० साठी बांधलेला आणि रात्री घरात २५० व्होल्ट असतील, तर तेच ५५-५६ होतात. म्हणून ५० व्होल्टचा कपॅसिटर चालणार नाही, ६३ चाच लावा. १०,००० मायक्रोफॅरडच्या जागी २२,००० घालायचा मोह आवरा, सुरुवातीचा झटका रेक्टिफायरवर येतो. आणि १०५ अंशांचेच घ्या. तापमान १० अंशांनी वाढलं की कपॅसिटरचं आयुष्य साधारण निम्मं होतं, आणि आपल्याकडे अँप काचेच्या बंद शोकेसमध्ये ठेवायची पद्धत आहे.

राजारामपुरी, पुन्हा

सहमत. पण ‘सगळे कपॅसिटर एकदम बदलून टाका’ असा सल्ला बरेच जण देतात, त्याच्या मी विरोधात आहे. साठ कपॅसिटर एका बैठकीत बदलले की एखादा उलटा लागतो, जुन्या तपकिरी बोर्डाचा एखादा तांब्याचा पट्टा उचकटतो, आणि मग दोष जुना की नवा हेच कळत नाही. आधी पॉवर सप्लाय, मग एक चॅनेल. प्रत्येक टप्प्याला सिरीज लॅम्पवर तपासून पुढे जा.

शिवाजी उद्यमनगर, लेथकाम

टर्नटेबलच्या बाबतीत कोल्हापूर नशीबवान आहे. पुली, बुश, बेअरिंगची पिन, आयडलर चाकाचा मधला भाग हे सगळं इथे कातून मिळतं. त्यामुळे मोटर जिवंत असेल तर टर्नटेबल बदलायचं कारण मला सहसा दिसत नाही. नेमकं माप मात्र गिऱ्हाइकानं आणायला हवं. नुसतं ‘याच्यासारखीच करा’ म्हटलं की झिजलेली पुली झिजलेल्या मापानंच तयार होते.

अमेरिकेतून आलेली, सिंक्रोनस मोटरची बेल्टवाली टर्नटेबलं ६० हर्ट्झच्या विजेसाठी असतात. ट्रान्सफॉर्मर लावून २३० चे ११० केले तरी हर्ट्झ ५० च राहतात, आणि सिंक्रोनस मोटर हर्ट्झवर चालते. म्हणून रेकॉर्ड साडेसोळा टक्क्यांहून थोडी जास्तच हळू फिरते. उपाय म्हणजे १.२ पट मोठी पुली. इथे सगळे चुकतात. बेल्टची जाडीही हिशेबात धरावी लागते. समजा जुनी पुली १० मिलिमीटर आणि बेल्ट ०.६ जाड. तर धरायचा व्यास १०.६. त्याची १.२ पट १२.७२. त्यातून ०.६ वजा केले की पुली १२.१२ ची हवी. सरळ १२ ची कातली तर गती जवळपास एक टक्का कमी पडते, म्हणजे स्वर सुमारे १६ सेंट खाली (शंभर सेंट म्हणजे अर्धा स्वर). प्रमाणश्रुती, म्हणजे सगळ्यात लहान श्रुती, २२ सेंटच्या आसपास धरतात. ज्या गावात देवल क्लब १८८३ पासून गाणं जपतोय, तिथे हा फरक कानाला टोचणारच. पितळेची किंवा अॅल्युमिनियमची कातून घ्या, भोक रीमरनं करा, आणि डायल गेज लावून आउट (फिरताना येणारी डुगडुग) ०.०१ मिलिमीटरच्या आत आहे हे बघूनच ताब्यात घ्या. आउट असेल तर लांब धरलेल्या सुरात आणि तंबोऱ्यात हेलकावा ऐकू येतो.

गती तपासायला ५० हर्ट्झची स्ट्रोब तबकडी (गती बरोबर असली की जिच्या रेघा थांबलेल्या दिसतात) घ्या, मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांसाठी तिच्यावर १८० रेघा असतात. वर साधा तारेचा बल्ब किंवा जुन्या चोकची ट्यूब लावा. चांगला एलईडी लुकलुकत नाही, त्यामुळे रेघा थांबलेल्या दिसतच नाहीत आणि यंत्रात दोष आहे असं वाटतं.

मंगळवार पेठ, ७८ आरपीएम संग्रह

सुईबद्दल थोडं. हिऱ्याची सुई ५०० ते १,००० तासांची. ती झिजलेली असेल तर नुकसान रेकॉर्डचं होतं, म्हणून या एका भागात काटकसर नको. मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या लाखेच्या रेकॉर्डसाठी ३ मिलची (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग) सुई लागते. एलपीची ०.७ मिलची लावली तर ती खाचेच्या तळाशी लोळते, नुसती खरखर येते, आणि लोक म्हणतात रेकॉर्ड खराब झाली. रेकॉर्ड चांगली असते. कार्ट्रिज (सुई बसते तो डबा) जुनं असेल तर सुईच्या दांडीमागचं रबर कडक झालंय का तेही बघा. नवी सुई मिळत असेल तर कार्ट्रिज ठेवा, नाहीतर बदला, फार विचार करू नका.

शाहूपुरी, स्पीकर

कडेचा फोम गेला म्हणून चांगला स्पीकर टाकू नका. फोम पंधरा-वीस वर्षांत जातोच, आपल्या चार महिन्यांच्या ओलीत थोडा लवकर. आधी कॉइल (चुंबकातली तारेची गुंडाळी) तपासा. ८ ओहमच्या स्पीकरवर मीटर साडेपाच ते सात दाखवतो, ४ च्यावर तीन-साडेतीन. मग दोन्ही हातांची बोटं समोरासमोर ठेवून कोन (स्पीकरचा हलणारा शंकूसारखा पडदा) सरळ आत दाबा. घासल्याचा आवाज आला नाही तर फोम बदला आणि निर्धास्त व्हा. कॉइल ओपन (तुटलेली) असेल किंवा चुंबक सरकलं असेल, आणि तोच ड्रायव्हर (खोक्यात बसणारा सुटा स्पीकर) मिळत नसेल, तिथे दुरुस्ती थांबते. दुसऱ्या कंपनीचा ‘त्याच इंचाचा’ ड्रायव्हर लावला की क्रॉसओव्हरचं (जाड-बारीक सूर वेगवेगळ्या ड्रायव्हरना वाटणाऱ्या सर्किटचं) गणित बिघडतं, आवाज वाजतो पण तो स्पीकर राहत नाही.

फोम मागवताना फक्त इंच सांगू नका. कोनचा बाहेरचा व्यास, फ्रेमवरच्या पट्टीचा आतला-बाहेरचा व्यास आणि वळीची रुंदी, चारही मापं मिलिमीटरमध्ये द्या. फोमच्या जागी जाड रबर लावू नका, कोन जड होतो. जुना गोंद अल्कोहोलनं पूर्ण काढा. आधी फोम कोनला चिकटवा, तो सुकल्यावर फ्रेमला, आणि गोंद ओला असताना ३० हर्ट्झचा सूर अगदी हलक्या आवाजात वाजवत कोन मध्यावर आणा. घासायला लागला की लगेच ऐकू येतं आणि बोटानं सरकवता येतो. उन्हाळ्यात २४ तास, जुलै-ऑगस्टमध्ये ४८ तास तसाच राहू द्या.

नागाळा पार्क, पुराच्या पाण्यात भिजलेली यंत्रं

ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ नंतर हा प्रश्न या भागात घरोघरी होता, म्हणून सविस्तर. पाण्यापेक्षा गाळ वाईट. तो वाळला की सुटत नाही. चालू करून बघायचा मोह आवरा. झाकण काढा, बोर्ड स्वच्छ पाण्यानं धुवा, मग डिस्टिल्ड वॉटर, शेवटी आयसोप्रोपिल. रिले, स्विच, व्हॉल्यूम कंट्रोल धुवून वाचवायच्या भानगडीत पडू नका, थेट बदला. ट्रान्सफॉर्मर काढून आठवडाभर उन्हात आणि गरम हवेत ठेवा, मग ५०० व्होल्टच्या मेगरनं (इन्सुलेशन मोजायच्या मीटरनं) वाइंडिंग आणि पत्र्याच्या मध्ये मोजा. २ मेगाओमच्या खाली असेल तर वीज जोडू नका, पुन्हा वाळवा.

स्पीकरचा खोका एमडीएफचा असेल तर फुगलेला परत बसत नाही. प्लायचा टिकतो. कॉइलच्या फटीत गाळ गेला असेल तर तो ड्रायव्हर गेला समजा. उरलेल्या चांगल्या ड्रायव्हरना नवीन खोका करता येतो, पण आतलं घनमाप जुन्याइतकंच ठेवा.

ताराबाई पार्क, सीडी प्लेयर आणि रिसीव्हर

डिस्क वाचत नाही म्हणजे लेझर गेलाच असं नाही. क्रम असा: ट्रेचा बेल्ट, मग भिंग अल्कोहोलच्या काडीनं पुसणं, मग पिकअप (लेझर आणि भिंग असलेला भाग) ज्या दांड्यावर सरकतो तिथलं मेणासारखं झालेलं जुनं ग्रीस. या तिघांनंतरच लेझर. त्यावरचा छोटा ट्रिमर फिरवून जोर वाढवू नका, चार दिवस वाचेल आणि कायमचा जाईल. नवा पिकअप आला की त्यावर स्टॅटिकपासून बचावासाठी सोल्डरचा एक ठिपका दिलेला असतो. आधी रिबन जोडायची, मग तो ठिपका काढायचा. काढायचा राहिला तर नवा नगही मुकाच, आणि दोष पाठवणाऱ्याच्या माथी. तो पिकअप कुठेच मिळत नसेल तर प्लेयर बदला.

एचडीएमआयच्या रिसीव्हरचं वेगळं आहे. त्याचा डिजिटल बोर्ड गेला तर मी दुरुस्तीला नाहीच म्हणते. पण मागे मल्टिचॅनेल अॅनलॉग इनपुट असेल आणि बोर्ड गेल्यावरही तो चालत असेल, तर नुसता पॉवर अँप म्हणून ठेवता येतो.

कसबा बावडा, रिवाइंडिंग

पहिल्या दादांनी ट्रान्सफॉर्मरवर निकाल ठेवलाय, म्हणून एक भर. प्रायमरी (घरची वीज येते ती बाजू) मीटरवर ओपन दाखवली की लगेच गेला म्हणू नका. कित्येक ट्रान्सफॉर्मरमध्ये वरच्या पट्टीखाली, प्रायमरीच्या तारेजवळ, थर्मल फ्यूज (ठराविक तापमानाला तुटणारा) पुरलेला असतो. पट्टी ब्लेडनं अलगद उचला. फ्यूज तोच उडालेला असेल तर त्याच्यावर छापलेल्या तापमानाचाच नवा घाला. तार लावून डायरेक्ट करू नका, पुढच्या वेळी आग लागेल. जोड सोल्डरनं नको, क्रिम्प करा (नळीत दाबून बसवा), कारण सोल्डरच्या उष्णतेनं नवा फ्यूज जागेवरच उडतो. आणि तो का उडाला हे शोधल्याशिवाय पट्टी परत गुंडाळू नका. बहुतेक वेळा मागचा व्होल्टेज सिलेक्टर २४० ऐवजी २२० वर असतो.

खरंच वाइंडिंग जळलं असेल तर उकलण्याआधी त्याच जातीच्या दुसऱ्या अँपवरून किंवा मॅन्युअलमधून सेकंडरीचे व्होल्ट मिळवा. ते नसतील तर उकलताना वेढे मोजून लिहून ठेवा, प्रायमरीचे आणि सेकंडरीचे वेगवेगळे, तारेचा गेज मायक्रोमीटरनं मोजून. ईआय पत्र्याचं (ई आणि आय आकाराच्या पत्र्यांच्या ट्रान्सफॉर्मरचं) काम इथे होतं. प्रायमरी २४० ची करून घ्या, आणि पत्रे बसवून झाल्यावर वॉर्निशमध्ये बुडवून भट्टीत वाळवायला सांगा. नुसतं वरून ब्रशनं लावलं तर पत्रे गुणगुणतात आणि ती गुणगुण शांत आलापीत खोलीभर ऐकू येते.