२००१ ची सिल्व्हराडो १५००, ट्रेलरवर बंद पडलेला रॅम २५००, ग्रेपव्हाईन चढून नेता येईल का?

टेमेक्युलाकर:
नमस्कार मंडळी. माझ्याकडे २००१ ची शेव्ही सिल्व्हराडो १५०० आहे, ५.३ इंजिन, फोर बाय फोर, एक्स्टेंडेड कॅब, जुनी असली तरी एकदम ठणठणीत. बेकर्सफील्डजवळ एका शेतावर २००४ चा डॉज रॅम २५०० क्वाड कॅब, ५.९ कमिन्स डिझेल, बरेच दिवस उभा आहे, चालू होत नाही पण भाव चांगला लावतायत. तो ट्रेलरवर घालून आय-५ हायवेने ग्रेपव्हाईनचा घाट ओलांडून टेमेक्युलाला आणायचाय. विकणारा म्हणतो व्ही८ आहे ना, आरामात ओढेल, इकडे सगळे असंच नेतात. ट्रेलर मित्राकडून मिळतोय, दोन अ‍ॅक्सलचा १८ फुटी, जीव्हीडब्ल्यूआर (भरल्यावर एकूण जास्तीत जास्त चालणारं वजन) १०,००० पाउंड, रिकामा साधारण २,६००. माझ्या गाडीला रिसीव्हर हिच (ट्रेलर जोडायचा मागचा चौकोनी सॉकेट) आहे, ब्रेक कंट्रोलर (गाडीतून ट्रेलरचे ब्रेक लावणारं यंत्र) नाही. आत्तापर्यंत फक्त छोटा युटिलिटी ट्रेलर ओढलाय. बायको म्हणते या भानगडीत पडू नको. कोणी केलंय का असं?

खंडाळाघाट:
ओढायला ओढेल रे, थांबवणार कशी ते सांग. तो रॅम डिझेल फोर बाय फोर म्हणजे ७,००० पाउंडाच्या आसपास धर, ट्रेलर २,६००, झाले ९,६००. तुझी गाडी स्वतः पाच हजार. म्हणजे मागचं धूड तुझ्या जवळजवळ दुप्पट. ५.३ वाल्या १५०० ला कंपनीने कुठल्याच अ‍ॅक्सल रेशोला (इंजिन आणि चाकांमधल्या गिअरिंगचा आकडा, मोठा तेवढी ओढायची ताकद जास्त) साडेनऊ हजाराचं रेटिंग दिलेलं नाही. ग्लोव्ह बॉक्समध्ये कोडांचं स्टिकर असतं ते बघ, जीयू६ असेल तर ३.४२ रेशो, जीटी४ म्हणजे ३.७३, जीटी५ म्हणजे ४.१०. ३.४२ निघाला तर विषयच संपला.

आणि लोक चढाचीच काळजी करतात. ग्रेपव्हाईनला सहा टक्क्यांचा चढ आहे, टेहोन पास चार हजार फुटांच्या वर, तिथे फार तर गाडी तापेल, तू बाजूला घेशील. खरी परीक्षा पलीकडे उतरताना, कास्टेकच्या आधी फाइव्ह माइल ग्रेडला. मी तो रस्ता नोकरीमुळे सारखा करतो, भरलेल्या सेमीचे (मोठ्या मालट्रकचे) ब्रेक जळल्याचा वास येतो तिथे, ब्रेक गेलेल्या ट्रकना घुसायला खडीचे रॅम्प केलेत ते उगाच नाहीत. सेमीला इंजिन ब्रेक असतो, तुझ्या पेट्रोल गाडीकडे गिअर खाली टाकणं एवढंच आहे, त्यात ट्रेलरला कंट्रोलर नाही म्हणजे साडेनऊ हजार पाउंड तुझ्या चार चाकांवर. नको करू हे. वहिनींचं ऐक.

लोनस्टारपाटील:
एवढंही घाबरवू नका हो त्याला. मी इकडे टेक्सासला जुन्या एफ-१५० ने गाड्या नेतो ट्रेलरवर, व्यवस्थित होतं. ब्रेक कंट्रोलर बसव, टेकोन्शाचा प्रॉडिजी घे, तो प्रपोर्शनल आहे, म्हणजे गाडी जेवढी जोरात थांबते तेवढाच ट्रेलर थांबवतो. फॅक्टरी टो पॅकेज असेल तर डॅशखाली वायरिंग आधीच दिलेलं असतं. सपाट कोरड्या रस्त्यावर ताशी २५ मैलांवर नुसती कंट्रोलरची दांडी दाबून बघ, ट्रेलरची चाकं लॉक व्हायच्या जरा अलीकडे सेटिंग ठेव. वेट डिस्ट्रिब्यूशन हिच (ट्रेलरच्या नाकाचं वजन सगळ्या चाकांवर वाटणारा हिच) लाव, टो-हॉल बटन (ओझं ओढताना गिअर बदलायची पद्धत बदलणारं) दाब आणि सावकाश जा. सावकाश गेलं की सगळं होतं.

खंडाळाघाट:
पाटील, तुमचं कंट्रोलरचं सगळं बरोबर, पण तुम्ही नेता त्या गाड्या साडेतीन-चार हजार पाउंडाच्या असणार आणि रस्ता तव्यासारखा सपाट. ट्रेलर भाड्याने देणारे यू-हॉलवाले सुद्धा त्यांच्या ऑटो ट्रान्सपोर्ट ट्रेलरवर ५,२९० पाउंडाच्या वर घेत नाहीत, हा रॅम त्यात बसतच नाही. सावकाश म्हणाल तर कॅलिफोर्नियात ट्रेलर लावला की ५५ ची मर्यादा कायद्यानेच आहे, पण उतारावर वजन ढकलत असतं तेव्हा ५५ वर राहायलाही ब्रेक लागतातच.

@टेमेक्युलाकर दाराच्या खांबावरचं स्टिकर वाचून जीव्हीडब्ल्यूआर आणि मागच्या अ‍ॅक्सलचं रेटिंग इथे टाक.

टेमेक्युलाकर:
बघितलं. जीव्हीडब्ल्यूआर ६,४०० लिहिलंय. रेशो जीयू६ 😟 पेलोडचं (गाडीवर किती वजन टाकता येतं त्याचं) पिवळं स्टिकर म्हणतात ते कुठेच सापडत नाहीये.

गॅरेजवालीताई:
ते स्टिकर २००१ च्या गाडीवर मिळणारच नाही, ते नंतर आलं. जुन्या गाडीचा हिशोब काट्यावरच करायचा. ट्रक स्टॉपवर कॅट स्केल असतो, टाकी फुल, माणसं बसलेली, हत्यारं आत, अशी गाडी चढव, पुढच्या आणि मागच्या अ‍ॅक्सलचं वजन वेगवेगळं छापून देतात. समज ५,२०० भरलं तर ६,४०० मधून उरले १,२००. आता टंग वेट, म्हणजे ट्रेलरचं नाक हिचवर जेवढं दाबतं ते, एकूण ट्रेलरच्या १० ते १५ टक्के लागतं. ९,६०० चे १२ टक्के म्हणजे साधारण ११५०. वर वेट डिस्ट्रिब्यूशनचं लोखंड शंभरेक पाउंड. संपला पेलोड, चहाचा थर्मास ठेवायला जागा नाही. रिसीव्हरच्या खाली वाकून त्याचंही स्टिकर वाचा, त्या काळच्या बऱ्याच रिसीव्हरवर साध्या बॉलसाठी (वेट डिस्ट्रिब्यूशन न लावता) ५,००० आणि टंगला ५०० एवढंच लिहिलेलं असतं.

टंग वेट कमी करायला कोणी म्हणेल की ट्रेलरवरचा रॅम मागे सरकवा. ते अजिबात करू नका!! दहा टक्क्यांच्या खाली गेलं की ट्रेलर शेपूट हलवायला लागतो, आणि जड ट्रेलर हलक्या पिकअपला सरळ फिरवून टाकतो. असं झालंच कधी तर पायाचा ब्रेक जोरात मारायचा नाही, अ‍ॅक्सिलरेटर सोडायचा, स्टिअरिंग सरळ धरायचं आणि कंट्रोलरच्या दांडीने फक्त ट्रेलरचे ब्रेक लावायचे. तुमच्याकडे कंट्रोलर नाही म्हणजे तो उपायच नाही. कमिन्सचं नुसतं इंजिन ११०० पाउंडाच्या घरात आहे, सगळं वजन पुढच्या चाकांवर, म्हणून तोंड पुढे करून चढवायचा. उलटा चढवलात तर ते वजन ट्रेलरच्या शेपटीला जातं.

अजून एक, हे जास्त कोणी सांगत नाही. या डिझेल रॅमच्या ब्रेकला हायड्रोबूस्ट आहे, तो पॉवर स्टिअरिंगच्या पंपावर चालतो. इंजिन बंद म्हणजे एकदोन दाबांनंतर पेडल दगड होतं. विंचने (दोर गुंडाळून ओढणाऱ्या यंत्राने) चढवताना कोणाला आत बसवून "ब्रेक मार" सांगायचं आणि भरवशावर राहायचं असं करू नका, चाकामागे लाकडी ठोकळे सरकवत चढवा. आणि ट्रान्सफर केस (फोर बाय फोरमध्ये पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारा गिअरबॉक्स) न्यूट्रलला असेल तर पार्कमध्ये टाकूनही गाडी घरंगळते. अशी घरंगळलेली गाडी मी गॅरेजच्या दारात बघितलीये, सुदैवाने मध्ये कोणी नव्हतं.

लोनस्टारपाटील:
३.४२ रेशो आहे म्हटल्यावर मीही ताईंच्या बाजूने. पाऊण टनी, म्हणजे २५०० किंवा एफ-२५० वाला कोणी मित्र आहे का बघ ना, चेन आणि पट्टे मी सांगतो कुठले ते.

खंडाळाघाट:
पाऊण टनी मिळाली तर काम होईल, फक्त ट्रेलर १०,००० चाच ठेव. त्याहून मोठ्या रेटिंगचा ट्रेलर घेतलास तर कॅलिफोर्नियात साधं क्लास सी लायसन्स चालत नाही, स्वतःच्या कामाला असलं तरी क्लास ए लागतं. ट्रेलरच्या टायरवर डॉटच्या नंबरचे शेवटचे चार आकडे बघ, पहिले दोन टायर बनवल्याचा आठवडा, पुढचे दोन साल. मित्राचा ट्रेलर अंगणात उन्हात उभा असतो ना, तर टायरची नक्षी नवी दिसली तरी रबर म्हातारं झालेलं असतं. ब्रेकअवेची (ट्रेलर गाडीपासून सुटला तर आपोआप ब्रेक लावणाऱ्या यंत्राची) पिन ओढून बघ ट्रेलरचे ब्रेक लागतात का, बॅटरी मेलेली असते हमखास.

बांधताना चार कोपऱ्यांना चार, दोन पुढे दोन मागे. दोन इंची रॅचेट पट्ट्याचं वर्किंग लोड साधारण ३,३३३ पाउंड असतं, पट्ट्यावरच्या टॅगवर वाच, टॅग फाटलेला पट्टा नको. याचा पुढचा अ‍ॅक्सल सॉलिड आहे त्यामुळे अ‍ॅक्सललाच बांध, बॉडीला बांधलंस तर स्प्रिंगवर गाडी उसळते आणि पट्टा सैल पडतो. निघाल्यावर दहापंधरा मैलांत थांबून सगळं परत आवळायचं, ट्रेलरच्या चाकांचे हब (चाकाचा मधला भाग) हाताने चाचपायचे, एखादा फार गरम लागला तर पुढे जायचं नाही.

टेमेक्युलाकर:
मनापासून आभार सगळ्यांचे. पाऊण टनी वाला मित्र कोणी नाही. विकणाऱ्याला आज फोन करून सांगितलं की माझी गाडी याला पुरत नाही, तो अजूनही "काही होत नाही"वरच आहे. एका फ्लॅटबेडवाल्याशी (गाडी अख्खी वर चढवून नेणाऱ्या टो ट्रकवाल्याशी) बोललो, भाडं ऐकून जरा धस्स झालं पण देणार आहे. त्याला काय काय सांगून ठेवू?

गॅरेजवालीताई:
बरं केलंत. आधीच स्पष्ट सांगा की गाडी चालू होत नाही, विंच लागेल, आणि डिझेल पाऊण टनी आहे म्हणजे वजन ७,००० च्या घरात, नुसतं "पिकअप आहे" म्हणालात तर तो छोटी गाडी घेऊन येईल आणि परत जाईल. शेतावरच्या माणसाला आदल्या दिवशी चारही चाकांत हवा भरून ठेवायला सांगा, किल्ली हवीच, नाहीतर स्टिअरिंग लॉक राहील. बरेच दिवस उभी आहे तर मागचे ब्रेक गंजून धरलेले असू शकतात, चाकं फिरतात का हे त्याच्याकडून व्हिडिओवर बघून घ्या. आणि पैसे देण्याआधी टायटलवरचा (मालकीच्या कागदावरचा) विन, म्हणजे गाडीचा ओळख नंबर, डॅशवरच्या नंबराशी जुळवा.