बुचांचं रिंगण म्हणजे इलेक्ट्रॉनचं कवच नव्हे

फोंडेकर मास्तर: परवा एका विज्ञान प्रदर्शनात परातीत पाणी, त्यावर बाटल्यांची बुचं (फेणीच्या असाव्यात, वास येत होता), प्रत्येकात उभी खोचलेली चुंबकित सुई. वरून लोहचुंबक धरलं की सुया नक्षी धरतात. पाचांचा पंचकोन, सहावी टाकली की एक मधोमध, पाच भोवती. भौतिकशास्त्रज्ञ मेयरचा १८७८ चा प्रयोग, बघायला सुरेख. पण फलक होता 'सपाटीतल्या इलेक्ट्रॉनांची कवचं'. इथे माझी हरकत. तारुचा आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये चकतीसारख्या क्वांटम डॉटमध्ये (इलेक्ट्रॉन कोंडून ठेवणारा अर्धवाहकाचा अतिसूक्ष्म तुकडा) एकेक इलेक्ट्रॉन भरला, तेव्हा २, ६ आणि १२ नंतरचा इलेक्ट्रॉन घालायला जास्त ऊर्जा लागली. ऊर्जापातळ्यांत, म्हणजेच कवचांत, अनुक्रमे २, ४, ६ जागा, त्यांच्या या बेरजा. एका अवस्थेत एकच इलेक्ट्रॉन, हा पाउलीचा नियम बुचांना काय ठाऊक?

मांडवीकाठ: मास्तर, शब्दावर किती अडाल? रिंगणांना संशोधकसुद्धा शेल, म्हणजे कवचच म्हणतात. इलेक्ट्रॉन विरळ असले की प्रतिकर्षण वरचढ ठरतं आणि ते जागा धरून बसतात. भौतिकशास्त्रज्ञ विग्नरने १९३४ मध्ये हेच सुचवलं होतं. मौज १९ इलेक्ट्रॉनांना आहे. मध्ये १, मग ६, मग १२. रिंगणं दातेरी चाकांसारखी एकमेकांत अडकतात. विसावा इलेक्ट्रॉन आला की १-७-१२, आणि आतलं रिंगण बाहेरच्यात सहज फिरतं.

फोंडेकर मास्तर: तुम्हीच माझं काम केलंत. २+४+६+८ किती? वीस! इलेक्ट्रॉनांची दाटी असलेल्या डॉटमध्ये विसावर कवच भरतं, आणि तुमच्या विरळ घोळक्यात वीसच ढिला. दोन्हींना एकच नाव दिलं तर पोरांनी काय समजायचं?

म्हापश्याची बाय: मी पोर असते तर अणूची पाठ केलेली २, ८, १८ परातीत शोधत बसले असते. फुगडीत बायका वाढल्या की आत दुसरं रिंगण होतं; त्याला कोणी कवच म्हणत नाही.

मांडवीकाठ: बाय, फुगडीत कोणी कोणाला ढकलत नाही. बरं, फलकावर 'रिंगण' लिहा. पण प्रयोग काढू नका. उलट १९ आणि २० शेजारी-शेजारी मांडा.

फोंडेकर मास्तर: परातीत नको. सुयांमधलं बळ इलेक्ट्रॉनांमधल्यासारखं कुलोंबच्या नियमाचं (अंतराच्या वर्गाने घटणारं) नाही, आकडे तसेच येतील याचा भरवसा नाही. संगणकावर करून दाखवा, मी येतो बघायला.

म्हापश्याची बाय: आणि बुचं धुऊन आणा.